दोन डगरींवर उभे राहून वाजवता येते का?

सप्रेम नमस्कार.

‘दोन डगरींवरचा’ अशी सही करून तुम्ही पाठवलेले पत्र आणि सोबतची १२ छायाचित्रे मिळाली. वाचकांना संदर्भ लागावा म्हणून पत्रातला मथितार्थ आधी सांगतो. तुमचे वय ३६ आहे. आल्टो सॅक्सोफोन आणि बास क्लॅरिनेट ही तुमची वाद्ये. गेली ११ वर्षे तुम्ही तिघांच्या एका संचात प्रयोगशील जॅझ वाजवता आणि तेवढीच वर्षे चारकोलने लांबच लांब कागदी पट्ट्यांवर चित्रे काढता. त्यांतल्या काही पट्ट्या तुमचा संच समोर ठेवून, स्वरलिपीसारख्या वाचून वाजवतो. आठवड्याचे चार दिवस तुम्ही एका छापखान्याच्या संकल्पन विभागात नोकरी करता. गेल्या वर्षी १४ मैफली झाल्या, ५ चित्रे विकली गेली, आणि दोन्हींचे मिळून जे हाती आले त्यातून वाद्यांची दुरुस्ती आणि कागदांचा खर्च जेमतेम भागला. आता एका कलादालनाने तुमचे पहिले एकल प्रदर्शन ठरवले आहे. पण तिथल्या संचालिकाबाईंनी ‘परिचयातून संगीत काढून टाका, ग्राहक गोंधळतात’ असे सुचवले, तर तुमच्या संचातले ज्येष्ठ ड्रमवादक म्हणतात की चित्रांचा नाद सोडल्याशिवाय तुमचा आवाज पक्का होणार नाही. कोणाचे ऐकावे, नोकरी सोडावी का, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी पडद्यावर चित्रे दाखवत त्यांच्यापुढे विनामूल्य वाजवावे का, हे तुमचे प्रश्न आहेत. मागच्या मैफलीत सॅक्सोफोनची जी-शार्प या स्वराची की (कळ) चिकटल्याची तक्रारही मध्येच येऊन जाते. आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, एका खरेदीदाराला तीन पट्ट्या हव्या आहेत एवढे एकच वाक्य आहे. माझ्या मते सगळ्या पत्रात तातडीचे तेच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्या पट्ट्या अजून बांधून दिल्या नसतील तर या आठवड्यात देऊ नका. व्यवहार मोडा असे मी म्हणत नाही, थोडा पुढे ढकला. मी स्वतः तरुणपणी डबल बास वाजवत असे आणि ग्राफिक स्कोअर, म्हणजे रेघा आणि आकारांनी मांडलेल्या वाजवायच्या रचना, लिहीत असे. एका प्रदर्शनात माझा सहा पानांचा एक स्कोअर मूळ कागदांसकट विकला गेला, आणि त्या आनंदात पाने बांधून देण्याआधी त्यांची धड छायाचित्रेही मी घेतली नाहीत. तीन वर्षांनी एका चौकडीने ती रचना वाजवायला मागितली. तोवर विकत घेणाऱ्याने घर बदलले होते, पत्रांना उत्तर येत नव्हते, आणि माझ्याकडे होता तो मित्राने तिरक्या कोनातून घेतलेला एक फोटो, ज्यात चार पाने दिसतात आणि दोन दिसत नाहीत. ती रचना आजही माझ्याकडे चारच पानांची आहे. चित्रकाराने चित्र विकले तर चित्र जाते. तुमच्यासारख्याने विकले तर त्यासोबत वाजवायचे साहित्यही जाते, आणि हा फरक विकत घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आपल्याही उशिरा येतो.

तेव्हा प्रत्येक पट्टी सपाट पसरून, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पाडून, वरून तुकड्यातुकड्यांनी छायाचित्रे घ्या. प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याचा थोडा भाग यायला हवा आणि कडेला मोजपट्टी ठेवलेली असावी, म्हणजे मूळ मापाची प्रत पुन्हा छापता येते. छापखान्यातल्या माणसाला हे सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. पण दुसऱ्याच्या कामात दक्ष असणारा माणूस स्वतःच्या कामात किती गाफील असतो, हे मी अनुभवाने शिकलो आहे. दुसरे असे की, त्या पट्ट्या वाचायच्या कशा याचे नियम सध्या तुम्हा तिघांच्या डोक्यात आहेत. वाचन कोणत्या टोकापासून सुरू होते, एका हाताएवढ्या लांबीला साधारण किती वेळ द्यायचा, रेघ जाड झाली तर आवाज वाढवायचा की वाजवणाऱ्यांची संख्या वाढवायची, कोरी जागा म्हणजे शांतता की मोकळीक, हे सगळे एका पानावर लिहून काढा आणि पट्टी हातची जाण्याआधी तिचे एकदा तरी ध्वनिमुद्रण करा. तिसरे म्हणजे विक्रीचा कागद. त्यात स्पष्ट लिहा की विकली जात आहे ती वस्तू. तिच्या प्रती काढण्याचा, त्या प्रसिद्ध करण्याचा आणि तिच्यावरून वादन करण्याचा हक्क तुमच्याकडेच राहील. प्रदर्शनासाठी ती ठरावीक मुदतीपुरती परत मागता येईल. आणि तिची कापाकापी किंवा तिच्यात फेरफार होणार नाही. मूळ वस्तू विकली म्हणून प्रताधिकार आपोआप विकला जात नाही, हे बहुतेक देशांच्या कायद्यात मान्य आहे. परंतु कायदा आपल्या बाजूने असणे आणि सही केलेला कागद आपल्या कपाटात असणे यांतली दुसरी गोष्ट फार कमी खर्चाची असते.

फेरफाराच्या कलमाला तुमचा खरेदीदार कदाचित हसेल. त्याला मायकेल स्नो यांची हकिगत सांगा. कॅनडाचे स्नो तुमच्याच जातकुळीचे होते. चित्रकार म्हणून नाव होण्याआधी जॅझ पियानो हा त्यांच्या उपजीविकेचा आधार होता, पुढे प्रयोगशील चित्रपटकार म्हणून ते जगभर ओळखले गेले, आणि १९७४ मध्ये इतर वादकांसोबत त्यांनी टोरांटोत सीसीएमसी हा पूर्णतः उत्स्फूर्त वादन करणारा संच उभा केला. १९७९ मध्ये टोरांटोच्या ईटन सेंटर या व्यापारी संकुलात त्यांचे ६० उडत्या रानहंसांचे शिल्प छतापासून टांगण्यात आले. पुढे एका नाताळात संकुलाच्या व्यवस्थापनाने सजावट म्हणून त्या हंसांच्या गळ्यात लाल फिती बांधल्या. शिल्प विकलेले होते, पैसे चुकते झालेले होते. तरीही स्नो न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये त्या फिती उतरवण्याचा आदेश त्यांनी मिळवला. कलावंताच्या नैतिक हक्कांवर, म्हणजे विकल्यानंतरही कलाकृतीत फेरफार होऊ न देण्यासारख्या हक्कांवर, बोलताना हा निकाल आजही काढला जातो. तुमच्या पट्टीचा मधला भाग कापून सोफ्यावरच्या चौकटीत बसवण्याची कल्पना कोणाला सुचणारच नाही, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता एक निवडावे का, या मुख्य प्रश्नाकडे येतो. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण ‘दोन्ही करत राहा’ एवढे म्हणून मला सुटता येणार नाही, कारण संचालिकाबाई आणि ड्रमवादक हे दोघेही अर्धे बरोबर बोलत आहेत. प्रयोगशील वादक आणि चित्रकार या दोन्ही भूमिका निभावणारे थोडेथोडके होऊन गेलेले नाहीत, आणि त्यांच्या आयुष्यांकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते: त्यांनी या दोन कामांमध्ये कोणते नाते आहे ते ठरवलेले होते. ते नाते प्रत्येकाचे वेगळे होते. तुम्ही ते अजून ठरवलेले नाही, आणि तुमच्या पत्रातला गोंधळ मला तिथून आलेला दिसतो.

जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमन यांनी दोन्ही कामे बहुतांशी वेगळी ठेवली. ते जर्मनीतल्या वुपर्टाल इथे चित्रकला आणि उपयोजित कला शिकले. १९६३ मध्ये व्हिडिओ कलावंत नाम जून पाइक यांनी त्याच गावात भरवलेल्या प्रदर्शनात त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. सॅक्सोफोन मात्र ते स्वतःच्या स्वतः शिकले. कलादालनांच्या जगाविषयी भ्रमनिरास झाल्यावर त्यांनी वादन पुढे केले, पण चित्रे, काष्ठठसे आणि वस्तू मांडून केलेल्या पेट्या २०२३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी सोडल्या नाहीत. त्यांच्या चित्रांवरून सहसा कोणी वाजवत नसे आणि त्यांच्या वादनातून सहसा चित्रे निघत नसत. तरीही चित्रकलेच्या शिक्षणाने त्यांना एक फार मोठी गोष्ट दिली. ‘मशीन गन’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका १९६८ मध्ये त्यांनी स्वतःच काढली, पहिली आवृत्ती ३०० प्रतींची होती, ती प्रामुख्याने मैफलींच्या जागी विकली गेली, आणि मुखपृष्ठही त्यांचेच होते. पुढेही भित्तिपत्रके, मुखपृष्ठे, अक्षरे यांवर त्यांचा हात ओळखू येत राहिला. जो आवाज ऐकून लोक उठून जात असत, त्याला स्वतःचा चेहरा देण्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. तुम्ही छापखान्यात काम करता आणि संचाची एकही ध्वनिमुद्रिका स्वतःच्या हाताने छापलेल्या वेष्टनात काढलेली नाही, याचे मला तुमचे पत्र वाचताना सर्वांत जास्त आश्चर्य वाटले.

अमेरिकन ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांचे नाते याच्या अगदी उलट आहे. त्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून घडवलेल्या ‘आंख्रास्मेशन’ या लेखनपद्धतीत रंग आणि आकार हीच वाजवायची सामग्री असते. वादकाने पानावरच्या रंगाचा संदर्भ स्वतः शोधायचा असतो. लाल म्हणजे रक्त की फळ, हे एकदा ठरवल्यावर त्या संदर्भाशी इमान राखून वाजवायचे असते. इथे चित्र काढून घेतले तर संगीतच उरत नाही. या पानांचे पहिले विस्तृत प्रदर्शन शिकागोच्या रेनेसान्स सोसायटी या कलासंस्थेत २०१५ मध्ये भरले, तेव्हा स्मिथ सत्तरी ओलांडून गेले होते. म्हणजे पद्धत रुजल्यापासून ती भिंतीवर चित्र म्हणून लागेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे गेली, आणि दरम्यान ते वाजवत होते, स्वतःच्या नाममुद्रेखाली ध्वनिमुद्रिका काढत होते आणि शिकवत होते. तुमचे पहिले प्रदर्शन ३६व्या वर्षी होत आहे, म्हणून उशीर झाल्याची जी खंत तुम्ही दोनदा लिहिली आहे ती कृपया पुन्हा लिहू नका.

तिसरे नाते हाताच्या हालचालीतले असते, आणि मला ते विशेष प्रिय आहे. पियानोवादक जेसन मोरान पियानोच्या पट्ट्यांवर कागद पसरतात, बोटांना चारकोल किंवा रंगाची पूड लावतात आणि वाजवतात. बोटे जिथे पुन्हापुन्हा पडली तिथे कागद दाट होतो, जिथे हात नुसताच सरकला तिथे पुसट ओरखडा उमटतो. २०१८ मध्ये मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे एकल प्रदर्शन झाले. इंग्लंडमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतलेले कीथ रो १९६०च्या दशकात एका जॅझ संचात गिटार वाजवत होते. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर आडवा टाकून रंगवत असत, मग गिटार छातीशी धरूनच का वाजवायची, असा विचार करून त्यांनी ती टेबलावर आडवी ठेवली आणि गिटार वाजवण्याची सगळी रीतच त्यांच्यापुरती बदलून गेली. १९६५ मध्ये सुरू झालेल्या एएमएम या त्यांच्या उत्स्फूर्त वादन करणाऱ्या संचाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठही त्यांनीच रंगवले. रो यांनी चित्रकलेतून आकार उचलला नाही, विषय उचलला नाही. काम करण्याची रीत उचलली.

याच कारणाने तुमच्या छायाचित्रांविषयी मला थोडे कठोर बोलावे लागेल. १२ पैकी ७ छायाचित्रे पट्ट्यांची आहेत आणि ५ रंगीत कॅनव्हासची, ज्यांत धूसर दिवे, सॅक्सोफोन आणि टोपी घातलेल्या वादकांच्या छाया आहेत. हे कॅनव्हास प्रदर्शनात लावू नका. सॅक्सोफोनचे चित्र काढल्याने चित्रात जॅझ येत नाही. ती मैफलीची सजावट होते आणि तशी सजावट करणारे चित्रकार पुष्कळ आहेत. पट्ट्या मात्र दुसऱ्या कोणी काढलेल्या नाहीत. चौथ्या पट्टीत डावीकडून येणारी जाड रेघ मध्येच खरवडून काढली आहे आणि त्या खरवडलेल्या जागेवर पुन्हा एक बारीक रेघ चढवली आहे. त्या जागी तुमचा संच काय करत असेल हे मला ऐकावेसे वाटले. तुमचे नाते स्मिथ यांच्या जातीचे आहे. ते एकदा मान्य केले की संचालिकाबाईंच्या सूचनेचे उत्तर आपोआप मिळते: ज्या पट्ट्या वाजवण्यासाठी काढल्या आहेत त्यांच्या परिचयातून संगीत वगळले तर ग्राहक गोंधळणार नाही, फसवला जाईल. परिचयात ‘वादक, चित्रकार, संकल्पक, प्रयोगशील कलावंत’ अशी बिरुदांची रांग मात्र लावू नका, कारण बाईंना नको आहे ते बहुधा हेच. ‘यांनी काढलेल्या चारकोलच्या पट्ट्या हे तीन वादकांसाठीचे स्कोअर आहेत’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. चित्रांसाठी वेगळे टोपणनाव घेण्याचा तुमचा विचारही सोडून द्या. दोन नावांनी दोन ओळखी होत नाहीत, एकच ओळख निम्मी होते.

पडद्यावर चित्रे आणि त्यांच्यापुढे वादन या बेताला माझा विरोध आहे. असा कार्यक्रम ठरवताना एक साधी परीक्षा घ्यावी: पडदा ऐन वेळी बंद पडला तर वादनात काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर पडदा शोभेचा आहे, आणि प्रेक्षकांचे डोळे एकदा हलत्या उजेडाकडे गेले की कान तिकडून परत आणणे फार कठीण असते. मी अशा बऱ्याच संध्याकाळी पाहिल्या आहेत, काही आयोजितही केल्या आहेत. त्यांतून ना चित्र आठवते ना सूर, आठवते ती प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. तुमच्याकडे याहून चांगली मांडणी आयती आहे. पट्ट्या भिंतीवर असतील. तिघांनी त्यांच्यासमोर उभे राहावे, पाठ प्रेक्षकांकडे झाली तरी होऊ द्यावी, आणि भिंतीवरूनच वाचत, पट्टीच्या लांबीबरोबर सरकत वाजवावे. ड्रमवादकांना सरकता येणार नाही. त्यांनी मध्ये बसून संपूर्ण भिंत एकदम वाचावी, म्हणजे त्यांचा वेळ आणि तुम्हा दोघांचा वेळ वेगळा होईल आणि रचनेत खरोखरच काही घडेल. कलादालनाच्या कोऱ्या भिंती आणि कडक फरशी आवाज फार घुमवतात, तेव्हा ड्रमसाठी ब्रश आणि मऊ टोकाच्या काठ्या (मॅलेट) जवळ ठेवा आणि शक्य असेल तर प्रेक्षकांच्या पायाखाली जाजम पसरायला सांगा.

हे उद्घाटनाच्या दिवशी मुळीच करू नका. उद्घाटनाला लोक एकमेकांना भेटायला येतात, आणि ते योग्यच आहे. तिथे प्रयोगशील संगीत वाजवले तर ते एक तर गप्पांना अडथळा ठरते किंवा पार्श्वसंगीत होते, आणि तुमच्या अकरा वर्षांच्या मेहनतीला यांतले काहीही शोभणारे नाही. प्रदर्शनाच्या तिसऱ्या आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घ्या, जेव्हा येणाऱ्यांची वर्दळ एरवीही ओसरलेली असते. कलादालनालाही त्यात स्वार्थ दिसेल. आणि मानधन मागा. संचालिकाबाई म्हणतील की वादनामुळे चित्रे विकली जातील. जातीलही, पण विक्रीतला जो वाटा कलादालन ठेवते, आणि तो पुष्कळ ठिकाणी निम्म्याच्या आसपास असतो, त्यात तुमच्या दोन सहवादकांचे काहीही नाही. तुम्ही फुकट वाजवायचे ठरवले तर तो तुमचा प्रश्न. त्यांना फुकट वाजवायला लावण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मानधन मिळणे शक्यच नसेल तर प्रवेशमूल्य ठेवून ते तिघांत वाटून घ्या, आणि हे सगळे प्रदर्शनाच्या करारातच लिहून घ्या.

आता ड्रमवादकांचे म्हणणे. ‘नाद सोडा’ हा सल्ला मी बाजूला ठेवतो, पण त्यामागची तक्रार बाजूला ठेवता येत नाही. फुंकून वाजवायच्या वाद्यात ओठांची पकड ही रोजची मिळकत आणि रोजचा खर्च असतो. चार दिवस वाद्य पेटीत राहिले तर पाचव्या दिवशी ते तुम्हाला कळते आणि सातव्या दिवशी संचाला कळते. चित्राचे तसे नाही. अर्धवट पट्टी तीन आठवडे भिंतीला टेकून राहिली तर तिचे काही बिघडत नाही, उलट पुष्कळदा बरेच होते. तुमच्या पत्रावरून असे दिसते की तुम्ही नेमके उलटे करता: नोकरीच्या दिवशी रात्री तासभर चारकोल, आणि सुट्टीच्या दिवशी सलग सहा तास सॅक्सोफोन. हे फिरवा. नोकरीच्या दिवशीही ४० मिनिटे का होईना, दीर्घ स्वर आणि वरच्या सप्तकाचा रियाज करा, आणि मोकळ्या तीन दिवसांपैकी एक अखंड दिवस कागदासाठी ठेवा, ज्या दिवशी फोनही घ्यायचा नाही. सहा महिन्यांत ड्रमवादकांची तक्रार कमी होईल असे मला वाटते. तरीही त्यांनी हट्ट धरलाच तर त्यांना मुहाल रिचर्ड एब्रम्स यांची आठवण करून द्या. स्वतःच्या नव्या रचना वाजवायच्या आणि मैफलीही स्वतःच भरवायच्या, या निश्चयाने १९६५ मध्ये शिकागोत वादकांची जी संघटना, एएसीएम, उभी राहिली, तिचे ते संस्थापक आणि पहिले अध्यक्ष. पियानोवादक, आणि आयुष्यभर चित्रेही काढणारे. ज्येष्ठ जॅझवादकाला ज्येष्ठ जॅझवादकाचाच दाखला पटतो.

नोकरी सोडू नका. या बाबतीत मला फारसे लिहायचे नाही, कारण तुमच्या आकड्यांनीच उत्तर दिले आहे. जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी लॉस एंजेलिसमध्ये लिफ्ट चालवली, पियानोवादक सेसिल टेलर यांनी भांडी घासली. त्या कामांनी त्यांच्या संगीताला वेळेखेरीज काही दिले नाही, आणि वेळही फार दिला नाही. तुमची नोकरी त्या जातीची नाही. इंग्लिश संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू यांनी १९६३ ते १९६७ या काळात ‘ट्रीटाइज’ हा १९३ पानांचा ग्राफिक स्कोअर रेखाटला, तेव्हा ते एका प्रकाशनसंस्थेत संकल्पक म्हणून नोकरी करत होते, आणि त्या पानांवरच्या रेघांची शिस्त पाहिली तर ती नोकरी पानापानांत दिसते. तुम्हाला राजीनाम्याची गरज नाही, वर्षातून सलग तीन आठवड्यांच्या रजेची आहे, ज्यात संचाला दौरा करता येईल. ती बिनपगारी असली तरी मागा. पुढे कधी सोडावी, असे विचाराल तर माझी कसोटी अशी: सलग दोन वर्षे तुमच्या ठरलेल्या खर्चाचा निम्मा भाग कलेतून यायला हवा, आणि तो किमान तीन वाटांनी यायला हवा. एकाच कलादालनावर किंवा एकाच आयोजकावर निम्मा खर्च टेकलेला असेल तर ती दुसरी नोकरीच असते, फक्त तिच्यात रजा मिळत नाही. शिकवणे ही त्यांतली एक वाट असू शकते. ट्रम्पेटवादक आणि चित्रकार बिल डिक्सन यांनी अमेरिकेतल्या बेनिंग्टन कॉलेजात १९६८ ते १९९५ अशी वर्षे शिकवले. परंतु ती वाट धरायची तर त्यासाठीही ते वाचनाचे नियम लिहिलेले पान लागेल, ज्याविषयी मी सुरुवातीला बोललो.

राहता राहिली जी-शार्पची की. तुम्ही पॅड, म्हणजे कीखालची छिद्र झाकणारी गादी, बदलून घेणार आहात. त्याआधी एक करून पाहा. ही की एरवी बंदच असते आणि आपण बोट दाबले की एक नाजूक स्प्रिंग तिला उचलते. त्यामुळे पॅड जरासा चिकट झाला तरी स्प्रिंगचे बळ अपुरे पडते आणि सॅक्सोफोनवर बहुधा सर्वांत आधी हीच की दगा देते. एक स्वच्छ, पातळ कागद पॅडखाली सरकवा, की हलकेच दाबून धरा, सोडा आणि कागद बाहेर काढा. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर उजव्या कोपऱ्यात चारकोलचा अंगठा स्पष्ट उमटला आहे, म्हणून माझा अंदाज असा आहे की तो कागद काळा निघेल. तसे झाले तर कोरडा स्वच्छ कागद घेऊन तीच कृती पाच-सहा वेळा करा, आणि यापुढे वाद्याची पेटी चित्रांच्या टेबलाखाली ठेवू नका.